पाठलाग करणारं माहेर

फोनवर कधी म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू केली असेल, तर अमेरिकेच्या एका कायद्याने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊन बसला आहात. पॅन, आधार, सेल्फी असं सगळं झालं की एक चौकट येते. मी फक्त भारताचा करनिवासी आहे, इतर कुठल्याही देशाचा नाही, अशा अर्थाचं एक वाक्य असतं. आपण ते न वाचता टिक करतो आणि पुढे जातो. मीही दरवेळी तेच केलंय. अमेरिका पाहिलेली नाही, पाहायचा बेतही नाही, मग थांबून वाचायचं कशाला?

गेल्या उन्हाळ्यात कौंडण्यपूरला मावशीच्या ओसरीवर बसून मी माझ्या भाचीसाठी हाच फॉर्म भरत होतो आणि त्या चौकटीपाशी अडकलो.

भाची म्हणजे मावसबहिणीची मुलगी. नुकती अठरा वर्षांची झालेली. तिचा जन्म न्यू जर्सीतला. जावईबापू तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तिकडे होते. ती दोन वर्षांची असताना सगळे परत आले आणि अमरावतीत स्थायिक झाले. तिची शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, आजीशी बोलताना भाषा अस्सल वऱ्हाडी. कपाटात मात्र एक निळा अमेरिकी पासपोर्ट आणि एक ओसीआय कार्ड. अमेरिकेच्या भूमीवर जन्मली म्हणून ती तिथली नागरिक, आणि आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही म्हणून इथली नागरिक नाही.

"करून टाक ना मामा टिक," ती म्हणाली. पण ते खोटं ठरलं असतं. खरं लिहिलं, तर पुढच्या पानावर ॲपने नम्रपणे कळवलं की अमेरिकी व्यक्तींना आम्ही ही सेवा देत नाही.

मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसावं तशी शांतपणे ऐकत होती. "काऊन नाही म्हणते तो?" तिने विचारलं. मी सांगितलं की ही अमेरिकेची नागरिक आहे, आणि तो देश आपल्या नागरिकाकडे, तो जगात कुठेही असला तरी, हिशोब मागतो. मावशीने हात थांबवला. "अमेरिकेचं काय खाल्लं बाप्पा या पोरीनं? दोन वर्साची होती, मायचं दूध पेत होती."

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका निकालापर्यंत पोचलो. मी वकील नाही, मला गोष्टी वाचायची सवय आहे. म्हणून तो निकाल मी एखादी गोष्ट वाचावी तसा वाचला, आणि गोष्ट म्हणून तो मला फसलेला वाटला. कसा, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जगातले जवळजवळ सगळे देश तुम्ही राहता कुठे, हे पाहून कर लावतात. आपला आयकर कायदाही त्याच वळणाचा. तुम्ही वर्षात साधारण १८२ दिवस भारतात होतात का, हा त्यातला मुख्य प्रश्न. पासपोर्टचा रंग त्या हिशोबात येत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाच्या तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही, तो यामुळेच. अमेरिकेचं गणित वेगळं. तिथला नागरिक कुठेही राहो, कुठेही कमावो, जगभरच्या उत्पन्नाचं विवरणपत्र त्याने अमेरिकेत भरायचं. नागरिकत्वावरून असा कर लावणारा आणखी एक देश नेहमी सांगितला जातो, तो म्हणजे आफ्रिकेतला इरिट्रिया. तो परदेशातल्या आपल्या लोकांकडून दोन टक्के घेतो. ही वसुली धमक्या आणि जबरदस्तीने करणं थांबवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०११ मध्ये इरिट्रियाला बजावलं. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत अमेरिका होती. आक्षेप वसुलीच्या रीतीवर आणि त्या पैशाच्या वापरावर होता, कराच्या तत्त्वावर नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. तरी बाक एकच आहे आणि त्यावर हे दोघेच बसले आहेत, ही गोष्ट मजेशीर आहेच.

अमेरिकेत याचं मूळ यादवी युद्धात सापडतं. १८६१ साली युद्धाचा खर्च भागवायला तिथे पहिल्यांदा आयकर आला, तेव्हाच परदेशी राहणाऱ्या नागरिकांचा त्यात वेगळा उल्लेख होता. देश जळत असताना बाहेर बसलेल्यानेही आपला वाटा उचलावा, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. युद्ध संपलं. तरतूद मात्र पुढे नव्या आयकरातही आली.

मग आला जॉर्ज कुक. हा अमेरिकेचा नागरिक मेक्सिको सिटीत राहायचा. त्याचं घर तिथे, उत्पन्न देणारी मालमत्ताही तिथेच. अमेरिकेच्या करखात्याने त्याच्याकडे १,१९३ डॉलर मागितले. त्याने निषेध नोंदवून हप्ता भरला आणि टेट नावाच्या वसुली अधिकाऱ्यावर दावा लावला. मी तिथे राहत नाही, माझी मिळकत तिथे नाही, मग कर कशाचा? दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ५ मे १९२४ रोजी न्यायमूर्ती मॅकेना यांनी निकाल दिला आणि कुक हरला.

निकाल अगदी छोटा आहे, फोनवर दहा मिनिटांत वाचून होतो. त्याचा गाभा असा: सरकार हे स्वभावतःच नागरिकाच्या आणि त्याच्या मालमत्तेच्या हिताचं असतं, मग ती मालमत्ता कुठेही असो. त्यामुळे कर लावण्याचा अधिकार मालमत्ता कुठे आहे किंवा माणूस कुठे राहतो यावर अवलंबून नाही. तो नागरिक आहे, या नात्यावर तो अधिकार उभा आहे.

आता हे गोष्ट म्हणून वाचा. पहिली अडचण पात्राची. कुक मेक्सिकोत का गेला, किती वर्षं राहिला, कधी अमेरिकी वकिलातीच्या दारात मदत मागायला उभा राहिला का, यातलं काहीच आपल्याला कळत नाही. मेक्सिकोत नुकतीच दहा वर्षांची क्रांती होऊन गेली होती. परदेशी माणसाच्या मालमत्तेचं त्या काळात काय झालं, अमेरिकेने कुणाला वाचवलं आणि कुणाला नाही, हे विचारायची ती नेमकी वेळ होती. न्यायालय ते विचारत नाही. सरकारपासून लाभ होतो, हे तो माणूस न पाहताच गृहीत धरलं आहे.

दुसरी अडचण तर्काची. कर का? नागरिकाला लाभ मिळतो म्हणून. लाभ मिळतो हे कशावरून? तो नागरिक आहे म्हणून. बैल घाण्याभोवती फिरतो, तसं हे वाक्य स्वतःभोवती फिरतं. मावशीचा प्रश्न, 'अमेरिकेचं काय खाल्लं', हा खरं तर याच जागी बोट ठेवतो. तिने पुरावा मागितला. निकालाने तो कधी दिला नाही.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातले डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ, १९२४ मध्येच मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या शेती विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. एकाच देशात, एकाच काळात, ही दोन माणसं. खानखोज्यांवर ब्रिटिश साम्राज्याचा डोळा होता. ते त्या साम्राज्याचे प्रजाजन होते, पण मायदेशी परतायची वाट त्याच साम्राज्याने बंद केली होती. कुक आपल्या देशाच्या लेखी निर्दोष होता, तरी त्याला सुट्टी नव्हती. नात्याचं टोक दोन्हीकडे सरकारच्या हातात. ते कधी आवळायचं आणि कधी तोडायचं, हे ठरवणारा त्या टोकाला बांधलेला माणूस नव्हता.

१९२४ च्या वाक्याला खरे पाय फुटले ते खूप नंतर. मेक्सिकोत बसलेल्या माणसाचा बँक-तपशील तेव्हा मिळवायचा कसा? १९७० च्या कायद्याने परदेशी खात्यांची माहिती कळवणं आलं. देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर नागरिकाने ते दरवर्षी कळवायचं. हा आकडा महागाईनुसार वाढलेला नाही. आज तो आठ-नऊ लाखांच्या आसपास येतो. आजोबांनी नातीबरोबर जोडखात्यात ठेवलेली एफडीही त्यात मोजली जाते. मग मार्च २०१० मध्ये 'फॅटका' नावाचा कायदा आला. जगभरच्या बँकांनी आपले अमेरिकी खातेदार शोधून कळवावेत, नाहीतर अमेरिकेतून त्यांना येणाऱ्या पैशातून ३० टक्के कापले जातील. भारताने ९ जुलै २०१५ रोजी त्यासाठी करार केला. आपल्या ॲपमधली ती चौकट अशी उगवली. कौंडण्यपुरात बसून शंभर रुपयांची एसआयपी करणाऱ्यालाही आता सांगावं लागतं की मी तो नव्हे.

नियम न कळल्याने काय होतं, याचं उदाहरण अलेक्झांड्रू बिटनर. रोमानियात जन्मलेला, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला, १९९० मध्ये रोमानियात परतलेला. परदेशी खाती कळवायची असतात हे त्याला उशिरा समजलं. सरकारने प्रत्येक खात्यामागे दंड धरून त्याच्याकडे २७ लाख डॉलर मागितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की दंड खात्यामागे नाही, दरवर्षीच्या एका अहवालामागे. रक्कम ५०,००० डॉलरवर आली. तो श्रीमंत होता, वकील लावू शकला. सगळ्यांना ते जमत नाही.

आता भाचीकडे परत येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. मावशीची कौंडण्यपूरच्या शिवारात पाच एकर जमीन आहे. कापूस, सोयाबीन, बांधावर तूर. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते. मावशीच्या मनात ती नातीलाच द्यायची आहे. समजा भाचीने ती स्वतः कसली. भारतात शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. अमेरिकेच्या कायद्यात ही सूट नाही. स्वतःच्या धंद्यातून, म्हणजे शेतीतूनही, वर्षाला ४०० डॉलर नफा झाला की विवरणपत्र भरायचं आणि तिथल्या सामाजिक सुरक्षेसाठी सुमारे १५ टक्के द्यायचे. ४०० डॉलर म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास, कापसाच्या एका बऱ्या हंगामाचा पैसा. काही देशांशी अमेरिकेचा करार असल्याने ही वर्गणी दोनदा भरावी लागत नाही. भारताशी तसा करार नाही. म्हणजे वर्धेकाठच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसातून, जिथे ती दोन वर्षं राहिली त्या देशाच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला हातभार. बोंडअळी आली, भाव पडला, तर तो देश भरपाईला येणार नाही. त्याचं पीक विम्याचं कार्यालय तिवश्यात नाही.

म्युच्युअल फंडाचंही तसंच. १९८६ च्या एका कायद्याने परदेशी फंडांत पैसे दडवणाऱ्या अमेरिकी लोकांना पकडायला जाळं विणलं. आपले साधे देशी फंड त्याच जाळ्यात सापडतात. त्यांच्या नफ्यावर चढा दर, वर व्याज, आणि प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. भारत-अमेरिका करार १९८९ चा आहे, पण त्यातच एक कलम असं आहे की अमेरिका आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क राखून ठेवते.

इथे दुसरी बाजू मांडायलाच हवी, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल. भारतात भरलेल्या कराची वजावट अमेरिका देते, पगारातल्या बऱ्याच मोठ्या रकमेवर सूटही देते. त्यामुळे अनेकांना प्रत्यक्ष कर शून्यच येतो आणि उरतो तो कागदांचा आणि सल्लागाराच्या फीचा भार. शिवाय तो निळा पासपोर्ट ही उघडं दार आहे. त्या दारासाठी आपल्याकडची पोरं घरची जमीन विकून कर्ज काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भाचीला ते फुकट मिळालं. मग थोडी किंमत का नको?

हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेलाय. मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवलं होतं की गरीब देशात शिकून श्रीमंत देशात गेलेल्यांच्या कमाईवर कर असावा. त्यांच्या मांडणीत वजन आहे. ज्याला सरकारी महाविद्यालयाने डॉक्टर केलं, त्याने गावाला काही परत द्यावं. आणि भारताने २०२० मध्ये कायदा बदलून, इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला आणि कुठल्याच देशात करपात्र नसलेला भारतीय नागरिक इथला निवासी मानायचं ठरवलंच. अजून त्याचं बाहेरचं सगळं उत्पन्न कराखाली येत नाही, पण पाऊल त्या दिशेचं आहे. तेव्हा अमेरिकेला हसताना आपणही जरा जपून.

पण भगवतींची मांडणी आणि मॅकेनांचा निकाल यांत मला एक मूलभूत फरक दिसतो. भगवती विचारतात, या माणसाला कुणी घडवलं? निकाल विचारतो, हा माणूस कुणाच्या नावावर आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर भाचीबाबत अमरावती असं आहे. पोलिओचा डोस, शाळा, रस्ता, दवाखाना, सगळं इथलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका जन्मदाखल्यावर आहे. आणि किंमत म्हणाल, तर किंमत आधी सांगतात, आणि नको असेल तर वस्तू परत ठेवता येते.

परत ठेवता येते का? अमेरिकी नागरिकत्व सोडायचं तर वकिलातीत जाऊन शपथ घ्यावी लागते. त्याची फी २०१४ मध्ये ४५० डॉलरवरून २,३५० डॉलर झाली. मागच्या पाच वर्षांची विवरणपत्रं नीट असावी लागतात. आणि भाचीने आज सोडलं तर ती कुणाचीच नागरिक उरणार नाही. आधी भारताचं नागरिकत्व मिळण्याची सोय करायची, मग तिकडचं सोडायचं. लंडनचे बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कला जन्मले म्हणून त्यांनाही लंडनमधलं घर विकल्यावर अमेरिकेने कर मागितला होता, आणि त्यांनी २०१६ मध्ये हे नागरिकत्व सोडलं. त्यांच्यापाशी दुसरं नागरिकत्व तयार होतं. भाचीपाशी ओसीआय कार्ड आहे, ज्यावर कौंडण्यपूरच्या ग्रामपंचायतीला मतही देता येत नाही.

कौंडण्यपुरात बसून हे लिहिताना रुक्मिणी आठवणारच. हे तिचं माहेर. गावातून तिची पालखी आषाढीला पंढरपुराला जाते. ती १५९४ पासून जाते आणि लेकीसाठी माहेरची साडीचोळी नेते, असं इथे अभिमानाने सांगतात. लेक गेली, तरी नातं आहे. ते नातं पाचशे-सहाशे किलोमीटर पायी चालत जातं आणि देऊन येतं.

पण याच कथेत रुक्मी आहे, हे आपण सोयीने विसरतो. बहिणीने स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावलं, अंबिकेच्या देवळातून ती त्याच्या रथात बसली, आणि भाऊ सैन्य घेऊन मागे धावला. तिला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून. हरला आणि परत आलाच नाही, भोजकट वसवून तिथेच राहिला. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजेच ते भोजकट, असं मानतात. रुक्मीला बहिणीवर प्रेम नव्हतं असं नाही. ती आपल्या नावावर आहे, एवढंच त्याला कळत होतं.

मला वाटतं, कुक विरुद्ध टेट हा निकाल रुक्मीच्या बाजूने दिलेला आहे. देश आणि माणूस यांचं नातं अंतराने तुटत नाही, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. मी कौंडण्यपूरचा माणूस, मला ते मान्य करावंच लागेल. पण टिकणारं नातं पालखी घेऊन निघतं की रथ घेऊन, हा प्रश्न त्याने विचारला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेत राहण्याच्या ठिकाणावर कर लावावा असं सुचवणारं एक विधेयक मांडलं गेलं. शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी तो प्रश्न पुन्हा उघडला.

त्या दिवशी ओसरीवर शेवटी मावशीनेच तोडगा काढला. "माह्या नावानं टाक. पैसे तिचेच हायेत, पन नाव माहं." मी तिचं पॅन काढलं, आधार टाकलं, तिचा फोटो घेतला. चौकट आली. आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य पूर्ण वाचलं, मोठ्याने, मराठीत करून. मावशी म्हणाली, "हो म्हन."

मी टिक केली. पुढच्या पानावर ॲपने विचारलं, वारस म्हणून कुणाचं नाव?

मावशीने नातीकडे बोट दाखवलं.